दोन डबे चिल्लर: मोजायची कशी, खपवायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजजवळ नाश्ता सेंटर चालवणाऱ्या एका ताईंकडे रंगाचे दोन रिकामे डबे भरून नाणी साठली आहेत. एक, दोन, पाच, दहा, सगळी एकत्र. बँकेत नेली तर कॅशियर "जागा नाही, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो. भाजीवाला दहाचं नाणं हातात धरत नाही. रात्री शटर ओढून मोजायला बसलं की नवरा-बायकोची बेरीज जुळत नाही. पटकन मोजायचं कसं, खर्च कुठे करायचं आणि बँकेला ही नाणी घ्यावीच लागतात का, एवढं त्यांना हवं आहे.

मी सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. शाखा एसटी स्टँडसमोर, आणि गावात एक मोठं देवस्थान. त्यामुळे नोटांपेक्षा नाण्यांनीच माझी बोटं जास्त काळी केली आहेत.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमचा राग तिथे आहे. हो, बँकेला नाणी घ्यावीच लागतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्वच्छ आहेत: चलनात असलेलं कुठल्याही किमतीचं नाणं कोणत्याही शाखेने नाकारायचं नाही, बदलून मागितलं तरी नाही आणि खात्यात भरलं तरी नाही. खातेदाराने किती नाणी भरावीत यालाही वरची हद्द नाही. लोक जी हजार रुपयांची हद्द सांगतात ती वेगळी. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी एका वेळी हजार रुपयांपर्यंतचंच देणं फेडता येतं. पन्नास पैशांच्या नाण्यांसाठी ही हद्द दहा रुपये आहे. म्हणजे तेलाच्या डब्याचे दोन हजार तुम्ही सगळे चिल्लरमध्ये मोजायला लागलात तर दुकानदार कायद्याने तुम्हाला थांबवू शकतो. बँकेतला भरणा हा असा व्यवहार नाही, तिथे ही हद्द लागू नाही. एखाद्या क्लार्कने हजाराचा नियम तोंडावर फेकला तर शांतपणे एवढंच सांगायचं.

(निवडणुकीत अनामत रक्कम चिल्लरमध्ये भरून फोटो काढून घेणारा उमेदवार दर वेळी कुठे ना कुठे निघतोच. लोकसभेची अनामत २५,००० रुपये. ती सगळी २०११ च्या मालिकेतल्या एकेक रुपयात भरली तर जवळपास ९५ किलो भरते. फोटो उमेदवाराचा येतो, पाठ निवडणूक कर्मचाऱ्यांची मोडते.)

पण नियम तुमच्या बाजूने आहे म्हणून दोन्ही डबे रिक्षात घालून उद्या शाखेत जाऊ नका. "जागा नाही" हे दर वेळी कारण सांगून टाळणं नसतं. नोट मळते, फाटते, बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे परत जाते आणि तिथे नष्ट होते. नाणं मळतही नाही आणि फाटतही नाही. ते तिजोरीत आलं की कुणीतरी मागून नेईपर्यंत तिथेच बसतं. आणि मागायला येतंय कोण? शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची नाणी ठेवायला तिथल्या बँकांमध्ये जागा उरली नाही, ही २०२३ ची बातमी तुम्ही वाचली असेल. आमच्या छोट्या गावात त्याचीच लहान आवृत्ती होती. दानपेटी उघडली की पुढचे काही दिवस स्ट्राँगरूममध्ये पाय ठेवायला वाट नसायची, आणि त्याच वेळी बाहेर स्टँडवर कंडक्टर सुट्ट्यांसाठी प्रवाशांशी भांडत असायचा. मधे फक्त एक रस्ता.

माझं सगळं म्हणणं याच रस्त्याबद्दल आहे. चिल्लर ही साठवून एकदम भरायची वस्तू नाही. एकाच गल्लीत एकाकडे ती तुंबलेली असते आणि चार दुकानं सोडून दुसऱ्याकडे तिची बोंब असते. तुम्हाला ती दुसरी माणसं शोधायची आहेत. बँक सगळ्यात शेवटी.

तुमच्याकडेच एवढी का साठली, तेही सांगतो. पूर्वी चहा-पोह्यांच्या गाडीवर दिवसाला जेवढी नाणी यायची तेवढीच जायची. कुणी वीसची नोट द्यायचा, तुम्ही पाच परत द्यायचात. आता निम्म्याहून जास्त पोरं क्यूआर कोड स्कॅन करून बरोबर पंधरा रुपये पाठवतात. त्यांना परत काहीच द्यावं लागत नाही. मात्र ज्यांच्याकडे फोनवर पैसे नाहीत ते, म्हणजे म्हाताऱ्या आजीबाई, शाळकरी पोरं, हमाल, हे नाण्यांतच देतात. येण्याचा दरवाजा उघडा राहिला आणि जाण्याचा अर्धा बंद झाला. गल्ला भरणारच.

हे फक्त तुमचं नाही. २०१६ च्या नोटाबंदीत बँकांनी लोकांना नाण्यांच्या थैल्या दिल्या, पुढच्या वर्षी तीच नाणी परतून आली आणि बँकाच नको म्हणायला लागल्या. २०१८ च्या जानेवारीत तर मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळींना काही दिवस चलनी नाणी पाडणं थांबवावं लागलं होतं, कारण तयार माल उचललाच जात नव्हता. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर टेकवणारे दुकानदार आणि शंभराच्या नोटेला नव्वदची चिल्लर देणारे दलाल आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

आता मोजणीकडे. तुमची बेरीज जुळत नाही याचं कारण तुम्ही मोजायला आधी घेता आणि निवडायला नंतर. उलटं करा. निवड नीट झाली तर मोजणी ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. आणि आपल्या देशातली नाणी निवडणं हेच खरं डोकेदुखीचं काम आहे.

का, ते बघा. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटर व्यासाचा, दोनचं नाणं २५ चं आणि पाचचं २३ चं. २०१९ मध्ये नवी मालिका जाहीर झाली, तिच्यात रुपया २० चा, दोन २३ चं आणि पाच २५ चं. म्हणजे जुन्यात पाचपेक्षा दोनचं नाणं मोठं, नव्यात दोनपेक्षा पाचचं मोठं. आणि नवं दोनचं नाणं नेमकं जुन्या पाचच्या मापाचं. त्यात १९९२ ते २००४ दरम्यानचा स्टीलचा रुपया अजून फिरतोय. तो २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा, म्हणजे २०११ च्या दोनच्या नाण्याशी मापात आणि वजनात अगदी सारखा. २००७ चा अंगठ्याचा रुपयाही त्याच मापाचा. अंधाऱ्या गल्ल्यात बोटांनी नाणं ओळखणाऱ्या माणसाची यात पार दैना होते. भोकं पाडलेली पाटी वापरून किंवा ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं यंत्र घेऊन नाणी आपोआप वेगळी होतील अशी आशा असेल तर सोडून द्या. ती यंत्रं व्यासावर चालतात, आणि व्यासाचा आपल्याकडे हा असा गोंधळ आहे.

म्हणून निवड रंगावरून सुरू करायची. जमिनीवर जुनी चादर किंवा गोणपाट अंथरा. नुसत्या फरशीवर नाणी घरंगळतात आणि आवाजाने शेजारी उठतात. एक परात मध्ये. पहिल्या हाताला फक्त दोन रंगांची नाणी उचला, म्हणजे दहा आणि वीस. या दोघांचा व्यास एकच, २७ मिलिमीटर. पण दहाचं बाहेरचं कडं पिवळं आणि मधला भाग पांढरा. वीसचं बरोबर उलट, शिवाय ते बारा कोनांचं. दुसऱ्या हाताला पिवळी पाचची. राहिली ती सगळी पांढरी: रुपया, दोन, आणि अधूनमधून पांढरं पाच. ते जुनं जाडजूड नाणं हाताला लगेच कळतं, २००७ चं स्टीलचं मात्र बघावं लागतं. पांढऱ्या ढिगाला अंकावरून निवडावं लागतं, इलाज नाही. हे काम घरातल्या शाळकरी पोरांना द्या, त्यांचे डोळे चांगले असतात.

हा क्रम मी उगाच सांगत नाही. नाण्यांचा किलोचा भाव काढून बघा. २०११ च्या मालिकेचा एक किलो रुपये म्हणजे सुमारे २६४ रुपये. दोनची किलोभर नाणी म्हणजे ४१० च्या आसपास. पाचची ८३० च्या वर. आणि दहाची एक किलो नाणी जवळपास १,३०० रुपयांची. पहिल्या तासाभरात दहा, वीस आणि पाच उचलून घेतलीत तर डब्यातला बहुतेक पैसा हातात येतो, आणि खाली उरतो तो नुसता भार. त्या रात्री कंटाळा आला तर पांढरा ढीग तसाच झाकून ठेवा. काही बिघडत नाही.

निवडून झाल्यावर मोजायचं. आमच्या काउंटरवर दोन पद्धती होत्या. सुटी नाणी टेबलाच्या कडेवरून दोन बोटांनी पाच-पाच अशी ओंजळीत ओढायची. तोंडाने एक, दोन, तीन म्हणायचं ते पाचच्या घासांचं. वीस घास झाले की शंभर. एकेक नाणं मोजणारा माणूस साठ-सत्तरच्या घरात हमखास अडखळतो, कुणीतरी "चहा ठेवू का?" विचारतंच. पाचच्या घासाला ती अडचण येत नाही.

दुसरी पद्धत चळतीची. वीस नाणी मोजून एक चळत उभी करा. तिच्या शेजारी बाकीच्या चळती तिच्या उंचीच्या करत जा आणि वरून पट्टी किंवा पोस्टकार्ड सरकवा. एखादं नाणं कमी-जास्त असेल तर पट्टी अडते किंवा फट दिसते. पाच चळतींचे शंभर. अट एकच: एका ओळीत एकाच मालिकेची नाणी हवीत. जाड पाच आणि पातळ पाच मिसळलेत तर उंची खोटं बोलणार.

आणि तिसरा तुमच्यासाठी खास उपाय, कारण नाश्ता सेंटर म्हणजे स्वयंपाकघराचा डिजिटल काटा असणारच. वजनावर नाणी घेणं रिझर्व्ह बँकेलाही चालतं; किंबहुना एक आणि दोनच्या नाण्यांसाठी तिने बँकांना तेच सुचवलं आहे. २०११ च्या मालिकेची शंभर नाणी घेतली तर रुपयाची ३७९ ग्रॅम, दोनची ४८५, पाचची ६०० भरतात. २०१९ च्या मालिकेची अनुक्रमे ३०९, ४०७ आणि ६७४. दहाची ७७० च्या थोडी वर, वीसची ८५४. पण हे आकडे कोऱ्या नाण्यांचे आहेत. तुमची नाणी झिजलेली असतील, नाहीतर त्यांवर तेलाचा थर असेल. म्हणून पहिली शंभर हाताने दोनदा मोजा, काट्यावर ठेवा, तो आकडा कागदावर लिहून काट्याला चिकटवा आणि पुढच्या शंभरांना तोच लावा. दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर ती एकच पिशवी हाताने मोजून घ्या. आणि ४८५ ग्रॅमची पिशवी दिसली की आत डोकावा: शंभर जुने रुपये असतील तर शंभर, दोनची असतील तर दोनशे. या एका जागी काटा तुम्हाला सरळ फसवतो.

तेलकट नाणी असतील तर आधी धुवा. भजी तळणाऱ्या हातांतून आलेली नाणी एकमेकांना चिकटतात आणि दोनाचं एक मोजलं जातं. आमच्याकडे देवस्थानाच्या थैल्या यायच्या, त्यांत हळद-कुंकू, खोबरेल तेल, झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, काय नसायचं! मोजणी यंत्र दर पाच मिनिटांनी अडकायचं. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून नाणी अर्धा तास बुडवा, चाळणीत ओता, गोणपाटावर उन्हात सुकवा. चिंच-लिंबू नको, घासणी नको. चकचकीत करण्यात काही अर्थ नाही, आणि ओली नाणी पिशवीत भरलीत तर काळी पडतात.

मग पिशव्या. पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या घ्या, एका पिशवीत एकाच किमतीची शंभर नाणी. हाही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतला आकडा आहे. आत एक चिठ्ठी: किंमत, एकूण रक्कम, दुकानाचं नाव, तारीख. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या करू नका. व्यापारी आपापसांत त्या विश्वासावर घेतात, कॅशियर घेणार नाही, कारण आतलं दिसत नाही आणि कमी निघालं तर ती तूट त्याच्या खिशातून जाते. दिवसाअखेर कॅश जुळली नाही तर घरी जाता येत नाही, हे काउंटरच्या त्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही.

आता खर्च. इथे तुम्ही सगळ्यात जास्त चुकीच्या दाराशी उभ्या आहात. भाजीवाल्याला बिल चुकवताना नाणी देऊ नका, त्याच्याशी अदलाबदल करा. फरक आहे. संध्याकाळी त्याचाही गल्ला भरलेला असतो, तेव्हा तुम्ही दहाची वीस नाणी दिलीत तर तो कपाळाला हात लावणारच. पहाटे पाच-साडेपाचला मंडईत तोच माणूस पहिल्या गिऱ्हाइकाच्या पाचशेच्या नोटेकडे बघत असतो. त्या वेळी शंभरची एक पिशवी मोजून तयार असेल आणि तुम्ही फक्त शंभरची नोट मागत असाल, तर तो उलट चहा पाजेल. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळीही तेच.

दूध केंद्र बघा. तिथे सकाळच्या दोन तासांत रोज सुट्टे लागतात. पिठाची गिरणी बघा, तिथे दळणाचा हिशेब क्वचितच पूर्ण दहात बसतो. औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, पेपरवाला. देवळाबाहेरची फुलं-नारळवाली तर रुपया-दोन रुपयांची मोठी गिऱ्हाईक, कारण लोकांना दानपेटीत टाकायला सुट्टे तिच्याकडूनच हवे असतात. लग्नसराईत स्टेशनरीचं दुकान विसरू नका: आहेराच्या पाकिटावर रुपया चिकटवून विकतात, त्यांना स्वच्छ रुपये शेकड्याने लागतात. तुमचा धुतलेला पांढरा ढीग तिथे जाईल. आषाढीच्या आधी वारीच्या वाटेवर असाल तर विचारूच नका. वाटेत दान करायला सुट्टे हवे म्हणून लोक स्वतः शोधत येतात.

एसटीचा कंडक्टर हा तर चिल्लरचा जुना सोयरा. तिकिटाच्या मागे "बाकी १३" लिहून "उतरताना घ्या" म्हणणं आणि प्रवाशाने ते विसरून उतरणं, यावर पिढ्या गेल्या आहेत. मधे काही वर्षं एसटीची भाडी पाचच्या पटीत होती तेव्हा जरा श्वास होता. २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाली आणि पुन्हा रुपया-दोन रुपयांची हुज्जत सुरू झाली. त्याच सुमारास मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ आणि टॅक्सीचं ३१ झालं. हे आकडे ठरवणाऱ्यांनी कधी सुट्टे शोधले नसावेत असं मला नेहमी वाटतं. पण तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. स्टँड जवळ असेल तर पहिल्या फेऱ्यांचे कंडक्टर आणि शेअर रिक्षावाले पाच-दहाची नाणी सकाळी हसत घेतील. रात्री नाही. रात्री त्यांच्याकडेही पिशवीभर असते.

दोन पथ्यं. एक, कुणालाही बट्टा देऊ नका. "शंभरची चिल्लर आणा, पंच्याण्णव देतो" म्हणणारे अजून फिरतात. हा तुमचा पूर्ण किमतीचा पैसा आहे. दोन, कामाला ठेवलेल्या बाईला किंवा पोराला पगार चिल्लरमध्ये देऊ नका, तिने स्वतः मागितल्याशिवाय. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, नाण्यांचा पूर आला, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत द्यायची वेळ आली. तेव्हा कर्मचाऱ्यांनी जी कुरकुर केली ती रास्तच होती. तुमच्या दारातला पूर ढकलून तिच्या दारात सोडायचा नाही. तिला तर तुमच्याएवढ्याही ओळखी नसतात.

दहाच्या नाण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण ते नाणं मौल्यवानही आणि सगळ्यात बदनामही. "पंधरा रेषांचं खोटं, दहा रेषांचं खरं", "रुपयाचं चिन्ह नाही म्हणजे बनावट" असं काहीबाही लोक सांगतात. रुपयाचं ₹ हे चिन्हच २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते येणार कुठून? २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की तोपर्यंत दहाची नाणी १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत आली आहेत आणि सगळी चालतात. तारखेखाली छोटा हिरा, तारा किंवा ठिपका दिसतो त्यावरूनही संशय घेणारे भेटतात. ती टांकसाळीची खूण आहे: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं.

पण पत्रक दाखवून भाजीवाला वळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तो नाणं खोटं आहे म्हणून नाकारत नाही. त्याला पुढे कुणी घेणार नाही म्हणून नाकारतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे. म्हणून साखळीच्या वरच्या टोकाला हात घाला. तुमच्याकडे ब्रेड, फरसाण, थंड पेयं ज्या एजन्सीकडून येतात त्यांचा वसुलीचा माणूस दर आठवड्याला येतो ना? त्याला ठरवून, आधी सांगून, दर वेळी दहाच्या नाण्यांची एक पिशवी द्या, म्हणजे १,००० रुपये. कायद्याच्या हद्दीतही बसतं. एजन्सीचा रोजचा मोठा भरणा असतो, त्यांचं बँकेत चालतं. तो घ्यायला लागला की गल्लीतले बाकीचे दुकानदार "मग आम्हीही देतो" म्हणतात, आणि गावात दहाचं नाणं फिरायला लागतं. माझ्या डोळ्यांदेखत हे एका बाजारपेठेत झालं आहे, आणि सुरुवात एका दूध वितरकापासून झाली. तुमच्या काउंटरवर "दहाची सर्व नाणी घेतली व दिली जातील" अशी पाटी लावा. "दिली" हा शब्द गाळू नका.

एवढं सगळं करून जे उरेल ते बँकेत. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत नको, सोमवारी नको, जोडून सुट्टी आली असेल तर दुसऱ्या दिवशीही नको. मधल्या आठवड्यात दुपारी दोननंतर जा. एका वेळी आठ-दहा पिशव्या, जास्त नाही. आधी विचारून घ्या की तुमच्या खात्याला नाणे हाताळणी शुल्क आहे का; काही बँका ठरावीक संख्येपुढे ते लावतात, आणि चालू खात्याला विशेषतः. भरणा स्लिपवर नाण्यांसाठी एकच ओळ असते, तिथे नुसती एकूण रक्कम न लिहिता मागे किंमतवार फोड लिहा. पहिल्या वेळी कॅशियर एखादी पिशवी फोडून मोजेल. मोजू द्या, समोर उभ्या राहा. तीन-चार वेळा तुमच्या पिशव्या बरोबर निघाल्या की तो काट्यावर ठेवून शिक्का मारायला लागेल. आमच्याकडे काही पार्ट्यांच्या पिशव्या आम्ही उघडतच नव्हतो, तशाच दुसऱ्या दुकानदारांना देऊन टाकायचो. त्यामुळे अजून एक युक्ती सांगतो: जाताना कॅशियरला विचारा, "चिल्लर मागायला कोण येतं?" त्याला ती दोन-तीन नावं तोंडपाठ असतात. एखाद्याचं नाव त्याने सांगितलं, तर तुमची पिशवी तिजोरीत जायची गरजच उरत नाही.

तरीही कुणी सरळ नकार दिला, तर काउंटरवर भांडू नका. शाखाधिकाऱ्याकडे दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेला अमुक रकमेची नाणी स्वीकारली नाहीत, कारण लेखी द्यावे. पोच घ्या. निम्म्या वेळा प्रकरण इथेच मिटतं, कारण लेखी कारण द्यायला कुणालाच नको असतं. नाही मिटलं तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

डब्याच्या तळाशी जुनी नाणी सापडतील, त्यांचंही सांगून टाका म्हणाल. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती आता बँकही घेत नाही. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, बँकेने घ्यायलाच हवेत, बाजारात मात्र भिकारीसुद्धा परत करतो. ती वेगळ्या पिशवीत घालून भरण्याच्या वेळी सोबत द्या. आणि "वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना विकलं जातं" असा मेसेज आला तर पुढे जाऊ नका. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असं करत ते तुमच्याकडूनच पैसे काढतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळले जातात, असा इशारा तिनेच २०२१ मध्ये दिला आहे. चार आणे पोरांना कॅरमच्या सोंगट्या हरवल्या की उपयोगी पडतात.